आधी फडकं बदला

"गाडी पुसायला कसलं आलंय सामान? एक बादली, एक फडकं, चिमूटभर साबण. झालं!" हा निकाल जिच्या पार्किंगमध्ये ऐकू आला नाही अशी सोसायटी महाराष्ट्रात शोधून सापडायची नाही. निकाल देणारे गृहस्थ तसे बेफिकीर नसतात. गाडी दहा-बारा लाखांची असते आणि हप्ते अजून चालू असतात. सीट मळेल म्हणून सीटवरचं प्लास्टिक वर्ष उलटलं तरी निघालेलं नसतं. पुढे लिंबू-मिरची लटकत असते. म्हणजे गाडीला दृष्ट लागू नये याची काळजी आहे, सीटला डाग लागू नये याचीही आहे. पण पांढरी घ्यायची की काळी यावर घरात आठवडाभर खल करून जो रंग पसंत केला, त्या रंगाला रोज सकाळी काय घासलं जातं याची कुणाला फिकीर नाही.

बरं, हे मत एकट्यादुकट्याचं असतं तर सोडून दिलं असतं. त्यामागे एक आख्खं तत्त्वज्ञान आहे. ते असं: गाडी चालवायला असते, मिरवायला नाही. वडिलांनी जुन्या बनियनने स्कूटर पुसली, तिचं काही बिघडलं नाही. रोज फडकं मारलं की गाडी स्वच्छ राहते. साबण तो साबण. चरे पडलेच तर दिवाळीआधी पॉलिश मारून घ्यायचं, नाहीतर एकदाच काय ते कोटिंग करून मोकळं व्हायचं. शाम्पू, वॅक्स, मायक्रोफायबर ही सगळी कंपन्यांची थेरं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

ऐकायला किती शहाणपणाचं, किती काटकसरीचं! यातलं एकही वाक्य तपासायला घेतलं तर टिकत नाही, एवढीच काय ती अडचण.

सगळ्यात लाडक्या समजापासून सुरुवात करू. रोज फडकं मारलं की गाडी चांगली राहते म्हणे. आजच्या गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी साधारण 100 ते 120 मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. गाडीची चमक ती या थराची, आणि ऊन-पाऊस झेलतो तोही हाच. आता त्यावर बसलेली धूळ कसली आहे ते बघा. पुणे, ठाणे, नाशिक, कुठेही जा, चार पावलांवर बांधकाम चालू आहे आणि तिथली वाळू बहुतेक बेसॉल्ट फोडून केलेली आहे. मोह्सच्या कठीणतेच्या मोजपट्टीवर या दगडातली मुख्य खनिजं 5 ते 6.5 च्या दरम्यान येतात. नदीच्या वाळूतला क्वार्ट्झ 7 वर आहे. साधी काच साडेपाचच्या आसपास. जी धूळ काचेवर ओरखडा काढू शकते, ती प्लास्टिकच्या जातीच्या त्या पातळ थराला सोडून देईल? कोरड्या फडक्याने गाडी पुसणं म्हणजे बॉनेटवर रोज सकाळी पॉलिशपेपर फिरवणं आहे.

खोटं वाटत असेल तर एकदा सकाळी सहाला खाली उतरून बघा. गाड्या पुसणारा मुलगा एक बादली भरून घेतो. कामावर निघणाऱ्यांच्या गाड्या आधी व्हायला हव्यात, त्यामुळे त्याला घाई असते. फडकं पाण्यात बुडतं, पिळलं जातं, टपावरून फिरतं, तिथून बॉनेट, दारं, खालचा चिखल, चाकाची रिम आणि परत त्याच बादलीत. मग त्याच फडक्याने शेजारची गाडी. तिसऱ्या गाडीला बादलीचा तळ दिसेनासा होतो. पाचव्या गाडीच्या मालकाला पहिल्या चार गाड्यांचा चिखल, त्यांच्या ब्रेकची लोखंडी पूड आणि वर स्वतःची धूळ असं सगळं एकत्र मिळतं, तेही महिन्याचे पैसे मोजून.

याचा पुरावाही प्रत्येकाच्या खिशात आहे. रात्री गडद रंगाच्या एखाद्या गाडीच्या बॉनेटवर मोबाइलचा टॉर्च धरा. उजेडाच्या ठिपक्याभोवती बारीक चऱ्यांची गोल जाळी उमटेल. टॉर्च सरकवा, जाळीही सरकेल. फडकं गोल फिरवल्यामुळे चरे गोल पडले असं लोक समजतात. वस्तुस्थिती अशी की चरे सगळ्या बॉनेटभर, सगळ्या दिशांनी पडलेले असतात. त्यातले उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून ते गोल दिसतात. पांढऱ्या गाडीवर हे पटकन दिसत नाहीत. त्यावरून पांढऱ्या गाडीला चरे पडत नाहीत असा निष्कर्ष काढणारे विद्वानही आपल्याकडे कमी नाहीत.

आता वडिलांची स्कूटर. तिचा दाखला दिल्याशिवाय हा वाद पुराच होत नाही. त्या काळच्या बजाज चेतकवर किंवा प्रीमियर पद्मिनीवर बहुधा साधा रंग असायचा, वर क्लिअर कोट नसायचा. मेणाचं पॉलिश लावून घासलं की फडक्याला गाडीचा रंग लागायचा. निळ्या गाडीचं फडकं निळं व्हायचं, कारण वरचा मेलेला रंग निघून खालचा ताजा रंग वर यायचा. आजच्या गाडीवर घासून घासून जातो तो क्लिअर कोट, आणि तो गेला की खालून काही ताजं वर येत नाही. पापुद्रे सुटलेले पांढुरके चट्टे तेवढे राहतात. शिवाय "काही बिघडलं नाही" ही आठवण तरी कितपत खरी? दहा वर्षांनी त्या स्कूटरवर हात फिरवला की बोटांना रंगाची पूड लागायची, हे सोयीस्करपणे विसरायचं होय? आणि त्याच वडिलांनी पॉलिशचा डबा जपून ठेवला होता, रविवारी सकाळी चार तास स्कूटरपाशी बसून ती चकचकीत केली होती. त्यांचं बनियन तेवढं वारशात घ्यायचं आणि रविवार मात्र सोडून द्यायचा, याला काय म्हणावं?

मग येतो साबण. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो. ती कपड्यातला तेलकट मळ उपसण्यासाठी केलेली, चांगलीच अल्कधर्मी वस्तू आहे. भांड्यांच्या वडीत खनिजाची पूड असते, कारण तिला करपलेली कढई घासायची असते. भांड्यांचं लिक्विड तेलाचा शत्रू म्हणूनच जन्माला आलेलं आहे, आणि वॅक्सकडे ते तेलकटपणा म्हणूनच बघतं. एका धुण्यात रंग जळून जातो असं मुळीच नाही. पण पहिल्या धुण्यातच वॅक्सला घरघर लागते, आणि असंच चालू ठेवलं तर बाकीचं पितळही उघडं पडतं. गाडीच्या शाम्पूचं मुख्य काम फेस करणं नाही, आणि नुसता मळ काढणंही नाही. कापड आणि रंग यांच्यामध्ये निसरडेपणा राखायचा, म्हणजे सुटलेला कण रंगावर घासला न जाता घसरून पाण्यात जातो. सोडा हे काम करतो? एक रुपयाची केसांच्या शाम्पूची पुडी फोडणारे त्यातल्या त्यात बरे, एवढी सवलत देतो; याहून जास्त नाही.

चमक यावी म्हणून डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवणाऱ्यांना तर हात जोडावेसे वाटतात. रंगावर तेलाचा पातळ थर बसतो, तासभर तो चमकतो आणि त्यानंतर रस्त्यावरची प्रत्येक धूळ आमंत्रण दिल्यासारखी येऊन चिकटते. दारांच्या आणि काचांच्या रबराला हीच तेलं फुगवतात, सैल करतात. पावसाळ्यात दारातून पाणी आत यायला लागलं की मग कंपनीच्या नावाने बोटं मोडायची.

"चरे पडले तर पॉलिश मारू की!" या एका वाक्यात सगळ्या गैरसमजाचं मूळ आहे. पॉलिश आणि वॅक्स ही दोन वेगळी कामं आहेत, पण दोन्ही एकाच फळीवर, सारख्याच दिसणाऱ्या डब्यांत मिळतात, त्यामुळे नवखा माणूस हाताला येईल ते उचलतो. पॉलिशमध्ये घासणारे सूक्ष्म कण असतात. चरा भरून निघत नाही; चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो, म्हणून चरा दिसेनासा होतो. रबिंग कंपाउंडसारख्या भरड पॉलिशने एका वेळी काही मायक्रॉन जातात. मुळात पुंजी 40-50 मायक्रॉनची, ऊन रोखणारी रसायनंही त्याच थरात. वर्षभर फडक्याने चरे पाडायचे आणि दर दिवाळीला बफिंग करून ते काढायचे, असं किती दिवाळ्या चालेल? हातात पहिल्यांदा बफिंगचं मशिन घेणाऱ्याने दाराच्या कडेवर ते जरा जास्त वेळ धरलं की रंग थेट प्रायमरपर्यंत जातो. म्हणून नवख्याच्या सामानात कंपाउंडही नको आणि मशिनही नको. ते काम वर्षा-दोन वर्षांतून एकदा, जाणत्या हाताकडून, लागलंच तर.

वॅक्सचं काम उलटं. ते काही काढत नाही, वर एक थर देतं. कार्नोबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरून मिळतं. नैसर्गिक मेणांमध्ये ते सगळ्यात कठीण समजलं जातं आणि 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळतं. आपल्या उन्हात आणि पावसात त्याचा थर काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत टिकतो. कृत्रिम सीलंट त्याहून जास्त. तेवढ्या काळात कावळ्या-कबुतरांची विष्ठा, झाडाचा चीक, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग हे सगळं आधी त्या थरावर पडतं, रंगावर नाही. पण ज्या गाडीवरची धूळ नीट निघालेली नाही तिच्यावर वॅक्स चोळणं म्हणजे तीच धूळ पुन्हा एकदा घासणं. आणि मॅट रंगाच्या बाइकवर ना पॉलिश चालतं ना साधं वॅक्स; दोन्हींनी ठिकठिकाणी चकचकीत ठिपके उमटतात, ते पुन्हा मॅट होत नाहीत. दुकानदार हे सांगतो? क्वचित.

आता शेवटचं हत्यार: "आम्ही कोटिंग केलंय." काही वर्षांपूर्वी याच आत्मविश्वासाने लोक टेफ्लॉन कोटिंगची पावती दाखवायचे. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, 327 अंशांच्या आसपास वितळणारा पदार्थ. तव्यावर तो बसतो कारण तवा भट्टीत तापवतात. तेवढ्या उष्णतेत तुमच्या गाडीचा रंग, रबर, प्लास्टिक काय उरलं असतं? तरी हजारोंच्या पावत्या फाटल्या. आता सिरॅमिकची पाळी. सिरॅमिकमध्ये तथ्य आहे: पाणी झटकतं, मळ सहज सुटतो, वॅक्सहून खूप जास्त टिकतं. पण "9एच कठीण, आता चराच पडणार नाही" हे जे छातीठोक सांगितलं जातं, ते 9एच पेन्सिलीच्या कसोटीतलं आहे. सगळ्यात कठीण पेन्सिलीने ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या गाडीवर सकाळी पेन्सिल फिरत नाही, वाळू फिरते. कोटिंगचा थरही एक-दोन मायक्रॉनचा. शोरूममधून बाहेर आल्यावर जी चमक बघून तुम्ही खूश होता, ती बरीचशी कोटिंगआधी केलेल्या बफिंगची असते. आणि पंचवीस-तीस हजार मोजून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडीवर काय फिरतं? तेच फडकं, त्याच बादलीतलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

राहिला खर्चाचा मुद्दा. बारा आण्याचा मसाला नेमका किती, ते मांडूनच बघू. दोन बादल्या: एक शाम्पूच्या पाण्याची, एक नुसत्या पाण्याची, कापड विसळायला. गाडीच्या शाम्पूची एक बाटली. बादलीला झाकणभर पुरतो, म्हणजे महिनोन्महिने. धुण्यासाठी मायक्रोफायबरचा हातमोजा. मायक्रोफायबरची चार-पाच कापडं, त्यातलं एक मोठं आणि जाड, पाणी टिपायला. चाकांसाठी वेगळं कापड आणि ब्रश. ते रंगाच्या जवळपासही न्यायचं नाही. वॅक्सचा एक डबा. साधारण दीड-दोन हजारांत हे सगळं बसतं. दाराचा एक पत्रा नव्याने रंगवायला गॅरेजमध्ये याहून जास्त पैसे जातात. कोंबडी कोणती आणि मसाला कोणता, हे आता ज्याने त्याने ठरवावं.

पैशांचा क्रमही लक्षात ठेवावा. जे रंगाला लागतं त्यावर आधी खर्च करायचा, चमक देणाऱ्या बाटलीवर सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. लोक टायर चमकवायचं द्रव्य घेतात, डॅशबोर्डचा सुगंधी स्प्रे घेतात, बारा बाटल्यांचं किट मागवतात आणि पुसायला घरातला फाटका टी-शर्ट काढतात, त्याच्या जाड शिवणीसकट. मायक्रोफायबरचा धागा चिरलेला असतो; त्या फटींत धूळ अडकते, रंगावर फिरत नाही. त्यालाही पथ्य आहेच: कपडे मऊ करायचं द्रव्य त्याला लावायचं नाही, टॉवेलबरोबर धुवायचं नाही, आणि जमिनीवर पडलं की त्या दिवसापुरतं ते रंगासाठी बाद.

पद्धतही फार मोठी विद्या नाही. सावलीत, पत्रा थंड असताना, आधी मगाने भरपूर पाणी ओतून सैल धूळ वाहून जाऊ द्यायची. मग शाम्पूच्या पाण्यातला हातमोजा वरून खाली, दाब न देता. एक भाग झाला की तो दुसऱ्या बादलीत विसळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. गाडी आपोआप वाळू द्यायची नाही, नाहीतर बोअरच्या पाण्यातला चुना रंगावर बसतो. महिन्या-दोन महिन्यांनी वॅक्स, पातळ हाताने, एकेक भाग घेऊन. पाण्याचे थेंब रंगावर गोळा होईनासे झाले, पसरायला लागले की पुढचा हात द्यायची वेळ आली.

"पण पाणी किती जातं!" हा प्रश्न विचारायचा अधिकार महाराष्ट्रात प्रत्येकाला आहे; लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. मार्च 2024 मध्ये बेंगळुरूत पिण्याचं पाणी गाडी धुवायला वापरल्यास 5000 रुपये दंड जाहीर झाला होता. पण हा प्रश्न पाइप सोडून ठेवणाऱ्याला विचारा. नळाच्या पाइपमधून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज जातं. दहा मिनिटांत शंभर-दीडशे लिटर. दोन बादल्या आणि काही मग, हा हिशेब त्याच्या निम्म्याच्याही खाली राहतो. शिवाय रोज फडकं मारायचं बंद करून आठवड्या-पंधरवड्याने नीट धुतलं तर पाणी वाचतं की वाढतं? आणि पाऊसच गाडी धुतो म्हणणाऱ्यांनी पहिल्या सरीनंतर वाळलेली गाडी डोळे उघडून बघावी.

"गाडी चालवायला असते, मिरवायला नाही." खरं आहे. खडी वाहणाऱ्या डंपरला वॅक्स लावा असं कुणी म्हणत नाही. पण हे वाक्य बोलणारे गृहस्थ दसऱ्याला झेंडूचा हार घालतात, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं उमटवतात, फोटो काढून नातेवाइकांना पाठवतात. गाडी विकताना गिऱ्हाइकासमोर पहिलं वाक्य काय असतं? "एका हाताने वापरलीय, रंग बघा, नव्यासारखा!" मिरवायची नसलेली वस्तू विकताना रंगच कसा पुढे येतो? रंग जपणं ही हौस नाही, स्वतःच्या पैशाची राखण आहे.

आणि या सगळ्यात त्या पुसणाऱ्या मुलाला बोल लावू नका. त्याला आपणच एक बादली आणि घाई दिली आहे. त्याला सांगा की रोज पुसायचं नाही, आठवड्यातून एकदा धुवायचं. पैसे मात्र तेवढेच मिळतील. पुढच्या महिन्याचे पैसे देताना त्याच्या हातात दुसरी बादली, शाम्पू आणि तुमच्याच गाडीची चार मायक्रोफायबर कापडं द्या. गाडीचा रंग ज्याने जातो ते रोज तुमच्या परवानगीने, तुमच्या पैशाने तिच्यावर फिरतंय. ते आधी बदला. पॉलिश, वॅक्स आणि कोटिंग यांचं त्यानंतर बोलू.